समारंभासाठी शिवलेला ड्रेस

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईला हे आधी सांगा.

काल कारखान्याच्या मालकांच्या हस्ते शिष्यवृत्ती मिळाली. तुम्ही शिवून पाठवलेला निळा ड्रेस घालून गेले होते. तिथल्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "अगं, एवढी नटून आलीस? फोटोत गरजू दिसायला नको का?" आणि कपाटातला एक विटका ड्रेस हातात दिला. वाद घालायचं त्राण नव्हतं. तोच ड्रेस घातला.

मालक मनाने मोठे. आपुलकीने विचारलं, "वडील काय करतात?"

"शिंपी आहेत," मी म्हटलं. त्यांची नजर माझ्या उसवलेल्या बाहीवर गेली.

तुमचे डोळे कसे आहेत? सुई कोण ओवून देतं?

फोटो पाठवतेय. तो ड्रेस तुमच्या हातचा नव्हता, बाबा. एवढंच मालकांना सांगायचं राहिलं.

तुमची धाकटी