खांद्यावरचा दिवा

३ फेब्रुवारी

फोरमनच्या ऑफिसातून फोन आला. लिहिणारे बसतात त्या खोलीला तिचं नाव देणार आहेत. दोन मार्चला कार्यक्रम. “काका, तुम्ही दोन शब्द बोलाल ना?” हो म्हणून बसलो! माझ्या स्वतःच्या निरोप समारंभात मी फक्त “आभारी आहे” म्हणालो होतो, तेही माइकपासून हातभर लांबून.

नवी वही आहे म्हणून लिहून ठेवतो. फोरमन म्हणजे माझी मुलगी. सहा वर्षांची असल्यापासून घरात हुकूम सोडायची, म्हणून मीच ठेवलेलं नाव. खरं नाव लिहायला हात अजून तयार नाही. जाऊन चार महिने झाले. तिने लिहिलेला व्हिडिओ गेम बाजारात आला त्याच्या सोळा दिवस आधी.

५ फेब्रुवारी

तिच्याबरोबर काम करणारी चष्मेवाली येऊन टीव्हीला यंत्र जोडून गेली. ‘दूरतळ’ भाग एक आणि भाग दोन. पहिला दुसऱ्यांनी लिहिलेला, दुसरा फोरमनने. दवाखान्यात तिची ताकीद होती— “बाबा, दुसरा तुम्ही खेळायचाच. पण आधी पहिला. त्याशिवाय कळणार नाही मी काय केलं.”

ताई शेजारी बसून बघत होती. “अरे, सदुसष्टावं लागेल तुला, आणि हातात खेळणं!” पाच मिनिटांनी म्हणाली, “डावीकडे वळ ना, भिंतीवर काय आपटतोयस!” मोठी बहीण ती मोठी बहीणच.

९ फेब्रुवारी

पहिला भाग. आपण एका दूरच्या चंद्रावरच्या वस्तीचे कप्तान. काचेचे घुमट, आत माणसं, बाहेर हवा नाही. लोक अडचणी घेऊन येतात, आपण निर्णय द्यायचा. चांगलं वागलं की कप्तानाच्या खांद्यावरचा दिवा हिरवा होतो, वाईट वागलं की लाल.

मला एक गंमत सापडली. पहिल्या घुमटाच्या दाराशी एक म्हातारी बसते. तिला हवेची बाटली दिली की दिवा थोडा हिरवा. पुन्हा दिली की आणखी हिरवा. नऊ बाटल्या दिल्या! तिने एकदाही विचारलं नाही की बाबा रे, एवढ्या घेऊन मी काय करू?

१४ फेब्रुवारी

पहिला भाग संपला. शेवटी दिवा पूर्ण हिरवा, सगळे टाळ्या वाजवतात. ताईनेही वाजवल्या. मला मात्र शाळेचं प्रगतिपुस्तक हातात पडल्यासारखं वाटलं. खेळ वाईट नाही. पण बदमाश लांबूनच ओळखू येतो, आणि एकदा ओळखला की डोक्याला काही काम उरत नाही.

१५ फेब्रुवारी

आज तिच्या कपाटातले स्वेटर काढले. परत ठेवले.

१९ फेब्रुवारी

दुसरा भाग सुरू करून तीन दिवस झाले. सकाळी आठ ते बारा बसतो, जुन्या पाळीसारखा.

दिवा नाही! खांद्यावर नुसत्या खिळ्यांची दोन भोकं आहेत, दिवा काढून घेतल्याची. पहिल्याच प्रसंगात एक मेकॅनिक विचारतो, “कप्तान, दिवा कुठे गेला?” उत्तर काय द्यायचं ते खेळ सांगत नाही. मी एकटाच मोठ्याने हसलो. ही फोरमनच. दुसरं कोणी नाही.

तीच म्हातारी दाराशी आहे. बाटली दिली. काहीच झालं नाही. मग तासाभराने दुसऱ्या घुमटात एका माणसाने अडवलं— “तिला दिलीत ती बाटली आमच्या घुमटाच्या वाट्याची होती. आम्हाला का नाही?” बोलायला तीन पर्याय होते. तिन्ही खरे, आणि एकही पुरेसा नाही. मी चहा थंड होईपर्यंत बघत बसलो. ताई म्हणाली, “मौनीबाबा, खेळातसुद्धा बोलेनास का?”

२२ फेब्रुवारी

भाषणासाठी मुद्दे काढतोय. दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस का?

मारामारी दोन्हीत सारखीच, कंटाळवाणी. चित्रं थोडी बरी आहेत, पण ते मुख्य नाही. पहिल्या भागात आपण काय केलं ते दिवा लक्षात ठेवतो. दुसऱ्यात माणसं लक्षात ठेवतात. आणि प्रत्येकाच्या लक्षात वेगळंच राहतं! ज्या सुईणीला मी वाचवलं ती मला टाळते, कारण तिच्या भावाला वाचवू शकलो नाही. दुष्ट कोणी नाहीच. सगळ्यांना हवा हवी आहे आणि ती कमी आहे.

मी नोकरीला होतो त्या पाण्याच्या पंप हाउसमध्येही आमच्या फळ्यावर हिरवा-लाल दिवा होता. हिरवा म्हणजे मोटर चालू. शेवटच्या नळाला पाणी पोचलं की नाही, ते दिवा कधीच सांगत नाही. ते पाहायला तिथपर्यंत चालत जावं लागतं. लहानपणी फोरमनला हे मीच समजावलं होतं. तिच्या लक्षात राहिलं असेल का?

फार अभिमान वाटला आज. एवढा की कोणाला सांगायचं ते कळेना. ताईला फोन लावला आणि भाज्यांबद्दल बोललो.

२४ फेब्रुवारी

खेळात हवाघर आलं, सगळ्या घुमटांना हवा सोडतात ती जागा. आत एक म्हातारा व्हॉल्व्हवाला. मोठं चाक दोन्ही हातांनी उघडतो, आणि पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे घेतो.

चाक जाम होऊ नये म्हणून आम्ही असंच करायचो. हे पुस्तकात नसतं. तिने माझ्याकडून घेतलं.

मग कोपऱ्यातला फोन वाजायला लागला. म्हातारा चाक सोडत नाही. मी मोजत होतो. अकरा वेळा वाजला.

टीव्ही बंद केला.

२५ फेब्रुवारी

लावला नाही.

२६ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो.

एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपार. मोठी वाहिनी फुटली, मोटरवरचा व्हॉल्व्ह अडकला, हाताने दाब सांभाळायचा होता. हात सोडला असता तर जुना पाइप सखल वस्तीच्या डोक्यावर फुटला असता. घरी बायको छातीच्या दुखण्याने पडून. फोरमन बारा वर्षांची, शाळेतून आलेली. तीन वाजून वीस मिनिटांनी केबिनमधला फोन अकरा वेळा वाजला. मी हललो नाही. संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

त्या आठवड्यात मी फोरमनला एवढंच म्हणालो, “फोन अकरा वेळा वाजला. मी उचलला नाही.” तिने मान खाली घातली. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. ती शिकली, मोठी झाली, दर रविवारी आली, माझी औषधं डब्यात भरून गेली. पण ती खाली घातलेली मान माझ्यासमोरून हलली नाही. तिने मला माफ केलं होतं का, हे मला ठाऊक नाही. विचारायला एकवीस वर्षं होती.

२७ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. तिने आधी टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाली, “खेळात काय विचारतायत?”

पर्याय दोन. म्हाताऱ्याला दोषी ठरवा, किंवा निर्दोष सोडा.

“मग सोड ना त्याला!”

“मी कोण सोडणारा?”

“बरं, दोषी ठरव.”

तेही जमलं नाही. ताईने कंट्रोलर माझ्या हातातून काढून कपाटावर ठेवला. “चल, चहा कर. तुझा चहा निदान बिघडत तरी नाही.”

२ मार्च

बोललो! साडेतीन मिनिटं. कागद खिशातच राहिला. दिव्याचं सांगितलं— हिरवा म्हणजे मोटर चालू, पाणी पोचलं असं नव्हे. म्हणालो, पहिला भाग तुम्हाला दिवा देतो. माझ्या मुलीने तो काढला आणि आपल्याला शेवटच्या नळापर्यंत चालायला लावलं. म्हणून दुसरा मोठा.

त्या खोलीत तरुण पोरं, पोरी, सगळी उभी राहिली. एक दाढीवाला रडत होता. पहिला भाग लिहिणाऱ्यांपैकी तो एक, हे नंतर कळलं! मला कानकोंडं झालं. तो म्हणाला, “काका, दिवा माझी कल्पना होती. ती पहिल्याच दिवशी येऊन म्हणाली, हा काढा.” पहिल्याच दिवशी!

दारावर तिचं नाव आहे. बोट फिरवून पाहिलं. अक्षरं नीट बसवली आहेत.

निघताना चष्मेवालीने विचारलं, “हवाघरात काय निवडलंत?”

“काहीच नाही. बंद केला.”

ती म्हणाली, “बाकी सगळे दहा सेकंदांत निवडतात. काका, तुमच्या पंप हाउसमध्ये एक माणूस चाकावर असताना दुसरा काय करायचा?”

“शेजारी उभा राहायचा. चाकावरच्या माणसाला एकटं सोडत नाहीत.”

ती चष्मा पुसत राहिली.

४ मार्च

आठ वाजता लावला. अकरा वेळा फोन वाजला. काहीच दाबलं नाही, म्हाताऱ्याच्या शेजारी उभा राहिलो. चाळीस मिनिटं. मग हवाघराचं दार उघडलं आणि त्याची मुलगी आत आली. बारा वर्षांची, दप्तरासकट.

“बाबा, तो फोन माझा नव्हता, दुसऱ्याच कोणाचा असेल. मी लावणार होते, आईने हात धरला. म्हणाली, तो चाकावर आहे, त्याला हलवू नकोस. मी ऐकलं तिचं. तुम्हाला वाटलं मीच बोलावत होते, आणि मी तसंच वाटू दिलं. मला भीती वाटायची, तुम्ही विचाराल, का नाही बोलावलंस?”

म्हाताऱ्याने चाक पाव फेरा मागे घेतलं. कुठलाच दिवा लागला नाही.