दादा आलेला नाही

सोमवार, ता. ९, सकाळ

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा खोकला आहे तसाच आहे. तुझे गुडघे कसे आहेत? उगाच जिने चढउतार करू नकोस.

कारखान्यात काम फार आहे. शिडं आता कोणी मागत नाही, नुसत्या ताडपत्र्या. दाभण धरून धरून माझी बोटं सकाळी उघडत नाहीत. बाबा म्हणतात, लढाई संपेपर्यंत आपण सगळं जग झाकून टाकू.

मुख्य गोष्ट पहिल्या चार ओळींत यावी, असं तू मला घरी शिकवताना सांगायचीस. तिसऱ्यांदा लिहिते आहे आणि तिसऱ्यांदाही चार ओळी होऊन गेल्या.

बंदर कचेरीचा कागद तुला मिळाला आहे का? तो टपालाने रखडत येईल; हे पत्र मिठाच्या ट्रकवाल्याकडे देते आहे, म्हणजे कागदाच्या एक दिवस आधी पोचावं. कागदात असं असेल की तुझा मुलगा सापडला, भावाकडे आहे, येऊन ओळख पटवा. आत्या, दादा आलेला नाही. इथे आहे तो दुसराच आहे. आणि हे माझ्यामुळे झालं.

थंडीत शत्रूचं जहाज इथल्या खडकांवर फुटलं, ते तुझ्या कानावर आलंच असेल. त्यातले दोघे पोहत किनाऱ्याला लागले. लोकांनी त्यांना वल्ह्यांनी मारलं. मी गर्दीत होते. मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी ठिगळांसाठी फाटकी शिडं गोळा करायला हातगाडी घेऊन गेले, तर एका शिडाखाली तिसरा होता. पाय निळे पडलेले, अंगावर गणवेश. त्याने माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मी त्याला त्याच शिडात गुंडाळून घरी आणलं. बाबांनी शिड बाजूला करून गणवेश बघितला. मग म्हणाले, "दार लाव."

बारा दिवस तो माळ्यावर तापात होता. उठता आल्यावर स्वतःहून खाली आला आणि दाभण हातात घेतलं. आम्ही कामगारांना सांगितलं की लांबच्या गावचा मुका गडी ठेवलाय. (इथपर्यंत खोटं बाबा बोलले. मी फक्त ऐकत होते.) तेव्हापासून सगळे त्याला मुकाच म्हणतात. तो भिंतीला पाठ लावून जेवतो. खिडकीची झडप आपटली की हातातलं टाकून उभा राहतो.

गेल्या बुधवारी बंदर कचेरीचे साहेब माल तपासायला आले. त्यांनी एक ताडपत्री उलटी केली आणि थांबले. आपल्याकडे सगळे उजवीकडून शिवतात, ती शिवण डावीकडून होती. कोणाची म्हणून विचारलं. मुका उभा राहिला. साहेब त्याच्याकडे बघत राहिले आणि एकदम हसले. म्हणाले, "अरे, हा तर तुमच्या बहिणीचा मुलगा. इथे दोन उन्हाळे काम करायचा तो डावखुरा." दाढी वाढलेली, हाडं वर आलेली, कोण कसं ओळखणार? मग त्यांनी मला हळूच विचारलं, "जहाज बुडालं त्यातून वाचला, पण वाचा गेली. असंच ना?"

मी मान खाली घातली.

मी हो म्हटलं नाही. तीन दिवस मी स्वतःची हीच समजूत घालत होते. पण मी नाही म्हटलं नाही, आणि त्याचा हो झाला. साहेबांचे डोळे भरून आले. वाईट माणूस नाही तो. "त्या माउलीला अजून कळवलं नाहीत? कसली माणसं तुम्ही!" असं रागावले, आणि तिथेच बसून कागद लिहिला. गुरुवारच्या बसचा परवानाही जोडला आहे. स्टँडवरून तुला ते स्वतः घेऊन येणार आहेत.

हे सगळं मुक्याला खुणांनी समजावलं. त्याने दाभण खाली ठेवलं, तोंड धुतलं, बुटांचे बंद बांधले आणि दाराशी जाऊन बसला. कचेरीत स्वतःच हजर व्हायला निघाला होता. मी त्याला हाताला धरून परत आणलं. का, ते मला नीट लिहिता येत नाही. लिहून दोनदा खोडलं.

अजून एक आहे. त्याला आता आपले दहा-बारा शब्द येतात. मी विचारलं, जहाजावर तू काय करायचास? तो म्हणाला, "तोफ." ज्या महिन्यात दादाचं जहाज गेलं, त्या महिन्यात तो समुद्रावर होता. यावरून काही सिद्ध होत नाही. पण नाही असंही म्हणता येत नाही. बाबा म्हणाले, एवढं एक लिहू नकोस पोरी, त्याचा जीव जाईल. पण तुझ्याकडे इतकं मोठं मागायचं आणि तुला अर्धंच सांगायचं, हे माझ्याने होत नाही.

मागते ते हे. साहेब विचारतील तेव्हा "हा माझाच" एवढं म्हण. तसं म्हटलंस तर त्याला नवी ओळखपत्रं मिळतील आणि तो जिवंत राहील. नाही म्हटलंस तर त्याला त्याच दिवशी नेतील, आणि त्याला लपवणारी मी आहे हे मी साहेबांना तिथेच सांगेन. तुझ्यावर किंवा बाबांवर काही येऊ देणार नाही. तू आलीच नाहीस तर तेही उत्तर मला समजेल.

दादा गेल्याचं तुला एकदा कळलं होतं. कागद आधी पोचला असेल, तर या पत्राने ते पुन्हा कळलं. याची क्षमा मी मागत नाही.

गुरुवारी तो खिडकीजवळच्या बाकावर शिवत असेल. आत आलीस की आधी त्याच्याकडे बघ, पुरेसा वेळ बघ. माझ्या तोंडाकडे बघून ठरवू नकोस.

अजून म्हणू देत असलीस तर,
तुझी भाची