बेकरीवाल्या अम्मांचं घर

मिस, आज भट्टी पेटवताना तुमची फार आठवण आली. शाळेच्या स्वयंपाकघरात तुम्ही आम्हाला पाव शिकवत होतात, तो दिवस. मी घाईघाईने पीठ मळत होते आणि तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "भांडू नकोस त्याच्याशी." तेवढ्यात मागून एकीने विचारलं, तुमचं आडनाव बॅक्स्टर, म्हणजे तुम्ही लॉर्डांच्या घराण्यातल्या का? तुम्ही इतक्या हसलात की चष्म्यावर पीठ उडालं. लॉर्ड कुठले, म्हणालात. जुन्या इंग्लंडात पाव भाजणाऱ्या बाईला बॅक्स्टर म्हणत. पुढे तेच काम करणाऱ्या पुरुषांनाही म्हणू लागले, मग ते घराला चिकटलं, आणि कणकेला कधी हात न लावलेली नातवंडंही बॅक्स्टर झाली. मी मनात आमची आडनावं आठवून पाहिली. कुलकर्णी, देशपांडे, पोतनीस. सगळी पुरुषांची कामं.

पुढे परदेशी मालाला बाजार खुला झाला, कुकटपल्लीतला ह्यांचा कारखाना बंद पडला आणि चिक्कडपल्लीच्या घराच्या गॅरेजमध्ये मी भट्टी लावली. पावाचा साचा तुम्हीच माझ्या लग्नात दिलेला, पत्र्याचा. मामंजी निवृत्त सरकारी वकील. वकिलाच्या घरात पाव विकणार म्हणून माझ्याशी बोलेनासे झाले. पाटी रंगवायला पेंटर आला तेव्हा मात्र बाहेर आले. वर त्यांचं नाव, पुढे 'अँड सन्स' लिही म्हणाले, रीतच आहे तशी. पेंटर ब्रश धरून उभा, हे खाली मान घालून. मी म्हणते, "मामंजी, पाव मी भाजते. नाव माझं लागेल." ते आत गेले. नाव माझंच लागलं.

काही वर्षांनी मामंजींना घेऊन आबिड्सहून ऑटोने परतत होते. त्यांनी वकीलसाहेबांचं घर सांगितलं. ऑटोवाला विचारतो, कौनसे वकील साब? मामंजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेकरीवाली अम्मा का घर."

"ऐसा बोलो ना साब," म्हणत त्याने ऑटो वळवली. मामंजींच्या मिशीत हसू होतं.

मिस, घराला नाव चिकटताना मी पाहिलंय. आता नातसुद्धा शाळेत बेकरीवाल्यांची म्हणून ओळखली जाते, आणि तिला साधी कणीक मळता येत नाही.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकणार? ठेवते साच्याशेजारी. एक सांगायचं राहिलं. तुमच्या साच्यातला पाव मी आजवर विकलेला नाही. गरम असतानाच लोणी लावून एकटी खाते.