दुकानातला मोकळा खिळा

गुरुवार, दिवेलागण

आमच्या सोनीला औषधाचं कालेज करायचंय. बारामतीला चार वर्सं, न्हायतर इंदापूरला दोन. तिला चारचंच पायजे. पणदऱ्याहून एष्टीनं जाऊन येऊन करीन म्हणती. पण तिचा बाप, आमचा दत्तू, इंदापूरवर अडून बसलाय. का, तर तितल्या पावण्यांचं औषधाचं दुकान हाय आन त्यांनी सोनीला मागणी घातलीय.

आज दुकान बघून आलो. असल्या दुकानात शिकलेल्या माणसाचा दाखला भिंतीवर टांगावा लागतो. पावण्यांच्यात शिकलेलं कुणी न्हाय. भाड्यानं आणलेला दाखला होता, तो ज्याचा त्यानं नेला. नुसता खिळा ऱ्हायलाय. पोराची आई त्या खिळ्याकडं बघत म्हणली, "दोनच वर्सं शिकू द्या, लई झालं."

"मग सोनी दुकानात कुठं बसायची?" मी इचारलं.

"बाईमाणूस दुकानात कशाला? घरात काय काम कमी हाय व्हय?"

येताना एष्टीत दत्तूला म्हणलं, "पोरगी देतोयस का दाखला?"

"आये, तुला काय कळतंय? आयतं दुकान मिळतंय."

तो खिळा काय डोळ्यापुढनं हलंना. गंजसुदीक न्हाय त्याला. पुसून ठिवलाय मेल्यांनी.

सोनी म्हणली, "आज्जे, तू तरी बोल की." बोलले की. माझं ऐकून या घरात कवा काय झालंय? उद्या दत्तू इंदापूरला तिचं नाव घालाय चाललाय. मला म्हणला, लवकर उठून भाकरी बांध.

बांधीन. दुसरं काय इचारलंय मला कुणी?