छपरावरचा आवाज

आई, स्टॉक कारची शर्यत म्हणजे काय, हे तुला सांगायचं राहिलं. तू गेलीस तेव्हा मलाच ते ठाऊक नव्हतं. दिसायला या गाड्या रस्त्यावरच्या मोटारींसारख्या, पण आतून शर्यतीसाठी बांधलेल्या. लंबवर्तुळाकार मार्गावर त्या एकमेकींना जवळजवळ चिकटून धावतात. इकडे परदेशात, ट्रॉय शहरात मी मोटारींच्या ब्रेकवर काम करतो, म्हणून २००६च्या उन्हाळ्यात मुलीला शर्यत दाखवायला नेलं. घटस्फोटानंतर ती शनिवार-रविवारच माझ्याकडे असे. वळणाचा उतार, हवेचा रोध, टायरची झीज, सगळं मी तिला क्रमाने समजावलं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, दे आर जस्ट टर्निंग लेफ्ट."

खरी गंमत भाड्याच्या हेडफोनमध्ये होती. त्यात चालकाचं आणि त्याच्या माणसांचं बोलणं ऐकू येतं. अपघातात मानेला इजा होऊ नये म्हणून चालकाचं डोकं असं जखडतात, की त्याला वळून बघताच येत नाही. मग एक माणूस प्रेक्षकांच्या स्टँडच्या छपरावरून आजूबाजूच्या गाड्या बघून सांगत राहतो: बाजूला आहे, अजून आहे, मोकळं. ऐकताना मी नागपुरात पोचतो. बर्डीच्या बाजारातली गर्दी, मी नवशिका, स्कूटरवर मागे तू, मांडीवर भाजीची पिशवी. मी सारखा वळून बघतोय आणि तू पाठीत बोट खुपसून म्हणतेस, "मान वळवू नकोस, दोघंही आपटू. मागचं मी बघते."

ज्या चालकाचं बोलणं आम्ही ऐकत होतो, तो त्या वर्षी अजिंक्य ठरला, पुढच्याही वर्षी. दर शर्यतीत तो सर्वांत वेगवान नसे. पण मोसमाच्या शेवटच्या दहा शर्यतींवर अजिंक्यपद ठरतं, आणि तिथे तो क्वचितच चुके. दुसऱ्या उन्हाळ्यात, हा फार जिंकतो, मजाच गेली, असं स्टँडमध्ये शेजारी बसलेला म्हातारा कुरकुरला, तेव्हा मुलीने त्याला टाळी दिली. तिसऱ्या उन्हाळ्यात ती कॉलेजच्या तयारीत होती, आली नाही. मी सवयीने दोन हेडफोन मागितले.

नोव्हेंबरात त्याने सलग तिसरं अजिंक्यपद जिंकून जुन्या विक्रमाशी बरोबरी केली, ते मी घरी टीव्हीवर पाहिलं. मुलीचा फोन आला. "हू वन?"

"तोच."

विक्रम इतका अवघड का, हे मी समजावू लागलो, तोवर तिला कोणी हाक मारली आणि तिने फोन ठेवला. टीव्हीवर छपरावरचा तो आवाज जवळजवळ नव्हताच. म्हणून शर्यतभर मीच मोठ्याने म्हणत होतो, बाजूला आहे, अजून आहे, मोकळं. तिला ते सांगितलं नाही. हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून या वहीत लिहितो.