फळ्यावरचा काजूचा डोंगर

मास्तर, चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा नाक मुरडू नका. काल शनिवारी मी तुमच्या वर्गात जाऊन आले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी तो तुमचाच म्हणते. आता तिथे माझी नात शिकवते. शनिवारी शाळा सुटल्यावर अकरावी-बारावीच्या पोरांना थांबवून ठेवते आणि तुम्ही शिकवायचात तेच सांगते, शेअर म्हणजे काय, तो चढतो का, उतरतो का. "आजी, तू शिकलीस कशी ते पोरांना येऊन सांग," म्हणून महिनाभर माझ्या मागे लागली होती. वर्ग झाडणारी बाई दाराबाहेर उभी राहून शेअर बाजार शिकली, ही तिला मोठी कौतुकाची गोष्ट वाटते. तिला ती अर्धीच माहीत होती. तुम्हालाही अर्धीच माहीत होती.

हल्ली दुपारी जेवून आडवी झाले की झोप येते न येते, इतक्यात तो वर्ग येतो. मी बोलावत नाही, तोच येतो. खिडकी अर्धी उघडी आहे, शिरगावकडून खनिजाचे ट्रक चाललेत आणि तांबडी धूळ उन्हात तरंगते आहे, खाली बसायला विसरल्यासारखी. तुम्ही पाठमोरे उभे राहून फळ्यावर काजूचा डोंगर काढताय. चित्रकला तुमची वाईटच. डोंगर कमी आणि उपडं घातलेलं टोपलं जास्त. पण माझ्या त्या अर्ध्या झोपेत त्या खडूच्या झाडांना रसाळ बोंडू लागतात आणि त्यांचा आंबूस वास बाकांमधून फिरतो. पोरं हळूहळू तरंगायला लागतात. मी पाण्याची घागर घेऊन दारात उभी आहे, आणि किती वेळ झाला ते घागरीलाही कळत नाही.

"हा डोंगर एकट्याला परवडत नाही," तुम्ही सांगताय. "म्हणून शंभर जण मिळून घेतात. प्रत्येकाकडे शंभरावा वाटा. तो शेअर." एक पोरगा उठून विचारतो, "मास्तर, माझ्या वाट्याक झाडच इला नाय तर?" सगळे खिदळतात. तुम्ही हसत नाही. "वाटा जमिनीचा नव्हे रे, मालकीचा. डोंगरावरच्या प्रत्येक झाडात थोडा तू आहेस." हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की कितीतरी दिवस डोंगरावर बिया वेचताना मी झाडांकडे बघायची, ह्यात कोण कोण आहे म्हणून. बिया विकून येतं त्यातला वर्षाचा वाटा तो लाभांश, आणि डोंगराचाच भाव चढला तर ती वेगळी गोष्ट, हेही तिथेच कळलं. पोरं वहीत उतरवून घ्यायची. मला वही नव्हती, म्हणून माझ्या डोक्यात राहिलं.

मग तुम्ही तो प्रश्न टाकलात. यंदा धुकं पडलं, मोहोर करपला, शेजारी घाबरून आपला वाटा अर्ध्या भावात विकतोय. तुम्ही काय कराल? "विकणार!" अख्खा वर्ग ओरडला. माझ्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच. दारातून बोलले, "झाडां मेली काय नुसतो मोहोर गेलो, तां आधी बघा मगे! झाडां जिवंत आसत तर विकतास कित्याक?" पोरांनी माना वळवल्या. मला वाटलं, आता हेडमास्तरांकडे तक्रार आणि जाते माझी नोकरी. तुम्ही खडू खाली ठेवलात. "बाय, ती घागर ठेव आणि आत येऊन बस." मी म्हटलं, "आणि घंटा कोण मारतलो?" तुम्ही म्हणालात, "आज घंटा मी मारतो." त्या दिवशी घंटा अर्धा तास उशिरा झाली आणि पोरांनी मला शिव्या घातल्या.

काजूच्या बियांचे थोडे पैसे मी नवऱ्यापासून लपवून ठेवले होते. ते घेऊन तुमच्याकडे आले आणि म्हटलं, नाव सांगा कंपनीचं. तुम्ही भडकलात. "बांगडा घेताना कोळणीला विचारतेस का, कुठला ताजा? कल्ला उघडून स्वतः बघतेस ना?" मग मीच ठरवलं, खाणीवाल्यांचा घ्यायचा. नवरा खाणीवर, दीर खाणीवर, रोज डोळ्यांसमोरून जातं ते खनिज, त्याहून ओळखीचं काय? तेव्हा तुम्ही मला जे बोललात ते मी आयुष्यात विसरले नाही. "घरची चूल खाणीवर, आणि साठवणही खाणीवर? खाण थांबली की एका दिवसात दोन्ही विझतील. ओळखीचं आहे म्हणून सुरक्षित आहे असं नव्हे, बाय." मला राग आला होता. शेवटी पाणी उपसायचे पंप बनवणाऱ्या एका लांबच्या कंपनीचे घेतले, आमच्या विहिरीवरचा पंप कधी बिघडला नव्हता म्हणून. तुम्ही फॉर्म भरताना विचारलंत, कोणाच्या नावावर? मी नवऱ्याचं नाव सांगितलं. आमच्याकडे गावच्या सामाईक जमिनीचं उत्पन्न गावकरी नावाच्या संस्थेत वाटतात, तो वाटा बापाकडून मुलाकडे जातो, बाईला तिथे नाव नसतं. शेअरलाही तोच नियम असणार असं मी धरून चालले होते. तुम्ही पेन थांबवून माझ्याकडे बघितलंत. "ही गावकरी नव्हे. पैसे तुझे, नाव तुझं." मग ते कागद आले. जाड, कडेला वेलबुट्टी, आणि मधोमध छापलेलं माझं नाव. लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच. तांदळाच्या डब्याखाली ठेवले होते, उगाच तांदूळ निवडायला काढायची.

आता उरलेली अर्धी. वर्षं गेली, त्या शेअरांना बोनसची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. मुलगा मोठा झाला आणि खनिज वाहायला टिपर ट्रक घेतो म्हणाला. खाणीला तेव्हा उधाण आलेलं, आमच्या लाटंबार्सेत ज्याच्या त्याच्या दारात टिपर. तुमचं बोलणं माझ्या कानात होतं. म्हणून मी कानाला चुकवून देवाकडे गेले, कौल लावायला. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विचारलं, शेअर विकून टिपर घेऊ? डावी पडली. पटकन, जरासुद्धा रेंगाळली नाही. मी गुरवाला म्हटलं, प्रश्न नीट झाला नाही, परत लाव. आणि दुसऱ्यांदा विचारलं, मुलाचं भलं होईल ना? उजवी पडली. देवाने तरी काय करावं, मास्तर? एवढा सोपा प्रश्न विचारल्यावर कोणीही होयच म्हणेल. घरी येऊन सांगितलं, देवाने होय म्हटलं. शेअर विकले आणि टिपर आणला.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलंत. खाणी बंद झाल्या. टिपर दारात उभा राहिला आणि त्याच्यावर दोडकीचा वेल चढला. मुलगा अजून म्हणतो, "देवानच सांगितलेलां, आमचो काय दोष?" तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी उंडे पाव घेऊन भेटायला आले होते. तुम्ही विचारलंत, "ठेवलेत ना ते?" मी म्हटलं, "ठेवलेत." तुम्ही डोळे मिटून हसलात. बाहेर पडताना मी चप्पल उलटी घातली.

काल वर्गात मी कौतुकाची गोष्टच सांगायला गेले होते. डोंगर सांगितला, घागर सांगितली, पोरं हसली. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "आजी, देव सांगता काय, खयचो शेअर घेवचो तां?" वर्ग फुटला हसून. ती हसत नव्हती. म्हणाली, घरी आहे ते सगळं पप्पा एकाच कंपनीत घालणार आहेत, फोनवर कोणीतरी नाव सांगितलंय, सोमवारी कौल लावायला जाणार. माझी नात तोंडावर हात ठेवून उभी. मला माहीत होतं, जे सांगेन ते संध्याकाळपर्यंत मुलाच्या कानावर जाणार, आणि इतकी वर्षं त्याने देवावर टाकलेलं ओझं त्याच्या आईवर येणार. तरी सांगितलं. डावी पाकळी, उजवी पाकळी, सगळं. म्हटलं, "पप्पांक सांग, देवाक विचारूक हरकत नाय. पण पहिल्याच उत्तराक उठून घरी येवचा. आणि एकाच झाडार सगळ्या टोपल्यो टांगू नकात."

मुलाला काल संध्याकाळीच कळलं, रात्री तो पानावरून लवकर उठला. आज सकाळी कोयता घेऊन बाहेर गेला आणि टिपरवरचा वेल काढला. तासाभराने आत येऊन म्हणाला, "भंगारात देवया आता." मी म्हटलं, "देवन टाक." ती मुलगी पप्पांना काय सांगते ते कळायला अजून उद्या उजाडायचा आहे.

हा कागद मी कुठे पाठवणार आहे? नातीच्या वहीतून फाडलाय, चुलीजवळ ठेवीन. पण पोरांना एक सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. टिपर आणला त्या दिवशी मुलाने मला पुढे बसवलं आणि डिचोलीच्या बाजारातून फिरवलं. एवढ्या उंचावर मी जन्मात बसले नव्हते. खाली माणसं, छत्र्या, माशांच्या टोपल्या, सगळं मऊ आणि लहान, आणि मुलगा उगाचच हॉर्न वाजवत होता. तुमचं बोलणं तेव्हा मला आठवलं होतं, मास्तर. तरी मी त्याला म्हटलं, अजून एक फेरी मार.