भरतीरेषेच्या आत अम्माची खाट

१७ फेब्रुवारी, अमावास्या

आज पुन्हा पाणी. अम्माच्या खोलीत घोट्यापर्यंत. मी शाळेतून आलो तर आईसाहेब खाटेवर मांडी घालून बसलेल्या, आणि खाटेखाली दोन इवलेसे मासे फिरताहेत. भगवंतानं मत्स्यावतार घेतला तो निदान प्रलयात. आमच्याकडे दर अमावास्या-पौर्णिमेला घेतो.

थोरल्या भावाचा, विश्वन चेट्टनचा, त्रिशूरहून फोन. "दामू, पावसाळ्याआधी काहीतरी कर. नाहीतर अम्माला मी इकडे घेऊन येतो. सातवा मजला आहे, लिफ्ट आहे."

"अम्मा कशी राहील तिथं? या घरात लग्न होऊन आली ती."

"तिलाच विचारू या की."

विचारलं. अम्मा म्हणाली, "दामू म्हणेल तसं."

मी म्हटलं, घर उचलू. खालून जॅक लावून अख्खं घर तीन फूट वर घेतात, पलीकडच्या बेटावर केलंय. फक्त पंचायतीची परवानगी लागेल. चेट्टन हसला. लहानपणी पतंगात माझा मांजा कापल्यावर हसायचा, अगदी तसंच.

२० फेब्रुवारी

पंचायतीत गेलो. ओव्हरसिअर पौलोस. मोठ्या मिशा, मऊ आवाज.

"घर कशाला उचलायचंय, मास्तर?"

"पाणी शिरतं."

"कसलं?"

"भरतीचं."

त्यानं पेन खाली ठेवलं, दाराकडे बघून घेतलं. "हे बोललात ते मी ऐकलं नाही. भरती जिथवर येते ती भरतीरेषा. रेषेपासून पन्नास मीटरांत नवं काम नाही. आणि भरती तुमच्या खोलीत येत असेल तर रेषा खाटेखालून गेली. तुम्ही पन्नास मीटरांत नाही, समुद्रात राहता."

"बरं, मग येत नाही असं लिहितो."

"येत नाही तर उचलायचं कशाला?"

न्यायशास्त्रातला वदतोव्याघात, म्हणजे आपलंच बोलणं आपणच खोडणं, शिकवायला मला तीस वर्षं चांगलं उदाहरण मिळालं नव्हतं. आज ते खिडकी क्रमांक दोनवर मिळालं.

शेवटी त्यानंच सुचवलं. अर्जात कारण लिहिलं — 'हवा व उजेड'.

अम्मानं संध्याकाळी विचारलं, "मिळाला का रे परवानगीचा दाखला?"

३ मार्च, पौर्णिमा

पाणी. खाटेच्या पायांखाली आणखी एकेक वीट.

६ मार्च

पौलोस म्हणतो, एक पळवाट आहे. जुना बांध आणि त्यात पाणी अडवायची उघाडी असेल तर भरतीरेषा उघाडीपाशीच थांबते, असं नियमात आहे. आमच्या खाऱ्या शेताची उघाडी माझ्या आजोबांपेक्षा जुनी आणि घरापासून चांगली लांब. मी हर्षानं खुर्चीतून उठलोच.

"बसा. उघाडी बंद असते का?"

पावसाळ्यात भात असतो तेव्हा फळ्या टाकून बंद. नोव्हेंबरपासून कोळंबी सोडतात तेव्हा उघडी; भरती आत-बाहेर करते. हे त्यालाही ठाऊक आहे, त्याचंही गाव तेच.

"म्हणजे तुमचं घर सहा महिने कायदेशीर आहे," तो विचार करून म्हणाला.

"मग सहा महिन्यांची परवानगी द्या."

त्यानं हे मनावर घेतलं. "नोव्हेंबरात घर परत खाली ठेवाल?"

७ मार्च

उघाडी राखणाऱ्या तंगप्पनकडे गेलो. म्हटलं, पौलोस घराच्या पाहणीला येईल त्या दिवशी तेवढ्या फळ्या टाक.

"मास्तर, तुमचं घर वर जावं म्हणून माझी कोळंबी मरू दे? एप्रिलात विषुचा सण झाला, कोळंबीचा ठेका संपला की टाकतो. मग म्हणाल तर त्यावर बसूनही राहतो."

"बसायची गरज नाही."

"बघा हं. माझं वजन पाहून भरतीसुद्धा मागं फिरते."

अम्मा: "दाखल्याचं कुठवर आलं?" तिची तळमळ बघवत नाही.

२५ मार्च

पाहणीची तारीख पौलोसनं स्वतः ठरवली. १७ एप्रिल. म्हणजे विषु होऊन गेलेला, उघाडी बंद. किती विचारी माणूस!

१७ एप्रिल, अमावास्या

सगळं लिहून ठेवतो, उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

मी मासे खात नाही, म्हणून ध्यानात आलं नाही. ठेका संपला की कोळंबीचं शेत एका दिवसासाठी सगळ्यांना मोकळं होतं. उरलेलं ज्याच्या हाती लागेल ते त्याचं. तो दिवस आज. पौलोस सकाळी आला तो बादली आणि जाळं घेऊन. मापाची टेप आमच्या ओसरीवर ठेवली, पॅन्ट गुडघ्यावर दुमडली, "आलोच" म्हणाला आणि चिखलात उतरला. अख्खा गाव आधीच आत होता.

दुपारी वर आला तो केवळ मिशांवरून ओळखू आला. बादलीभर करिमीन मासे. अम्मानं हातपाय धुवायला पाणी दिलं, बादलीसकट आपल्या खोलीत पंख्याखाली बसवलं. तेवढ्यात तंगप्पन धापा टाकत दारात. "मास्तर, फळ्या टाकल्या होत्या हो! बसायला म्हणून कुणीतरी दोन काढून नेल्या."

त्याच्या मागोमाग भरती आली. पौलोसची बादली तरंगली, कलली, आडवी झाली. सरकारी अधिकारी माझ्या आईच्या खोलीत चार पायांवर. अम्मा खाटेवरून दिशा दाखवतेय — "कपाटाखाली बघ. हां, तो मोठा तिकडे गेला."

मला राहवलं नाही. "पौलोस साहेब, पाणी दिसतंय का?"

तो कोपरापर्यंत पाण्यात. मान वर केली. "कुठं?"

"इथं."

"हे बादलीतलं सांडलंय."

"गुडघाभर?"

"मोठी बादली आहे."

मग कपाटाखालून मासा काढून, शांतपणे म्हणाला, "मास्तर, भरती आली असं लिहिलं तर ती आली तेव्हा मी काय करत होतो तेही लिहावं लागेल."

जाताना दोन मासे अम्माला दिले. अहवाल ओसरीवरच लिहिला. भरतीरेषा उघाडीपाशी, अर्जदाराच्या खोलीत भरतीचे पाणी आढळले नाही. टेप तशीच गुंडाळलेली होती, ती खिशात घातली.

२ मे

दाखला आला! घर तीन फूट उचलण्यास परवानगी, हवा व उजेडासाठी. चेट्टनला फोनवर दोनदा वाचून दाखवला. मग म्हणाला, "जिंकलास बाबा."

अम्मानं दाखला हातात घेतला, शिक्का बोटानं चाचपून पाहिला.

४ मे

सकाळी अम्मानं विचारलं, "आता तो दाखला कुणी परत तर घेणार नाही?"

"नाही."

"मग विश्वनला सांग, न्यायला ये म्हणावं." ट्रंक भरलेली होती. "आधीच गेले असते तर दामू हरला असं तो जन्मभर म्हणत राहिला असता. मला काय रे, पाय कोरडे राहिले म्हणजे झालं."

जॅकवाले गुरुवारी येणार आहेत. त्यांना अजून काही कळवलेलं नाही.